रोपाची विचारपूस

आमच्या शाळेच्या इमारतीमागे एक लहानशी बाग आहे व गेली काही वर्षे तिची देखरेख आमच्याकडे आहे. एवढ्यावरून आम्ही वनस्पतिशास्त्राचे पंडित आहोत असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो. भूगोलाचा तास चालू असता एखादा विद्यार्थी वहीच्या पानांतून वाळलेले पान काढून पुढे करितो. पालकसभेस आलेल्या माता चिरंजीवांच्या गुणांची चौकशी दोन वाक्यांत उरकून कढीपत्त्याच्या तक्रारीकडे वळतात. अलीकडे मोबाइलवर छायाचित्रेही येऊ लागली आहेत. त्यांत पिवळे पडलेले पान स्पष्ट दिसते. परंतु ज्या मातीमुळे ते पिवळे पडले ती माती मात्र क्वचितच दिसते. ह्या प्रश्नोत्तरांपैकी काही वार्षिकासाठी लिहून द्यावीत असा संपादकमंडळाने आग्रह धरिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न नाना प्रकारचे असतात, तथापि बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो : "तर मग ह्याला काय घालावे?" कोणी खत विचारितो, कोणी औषध, कोणी ताक घालू की चहाचा चोथा घालू असे विचारितो. रोपास काहीतरी कमी पडले आहे व ते आपण वरून ओतले की काम झाले, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. ती प्रेमापोटीच असते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु चांगला वैद्य पुडी बांधण्यापूर्वी नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप कशी लागते ते विचारितो. रोपास तर बोलता येत नाही. म्हणून त्याची विचारपूस अधिकच काळजीने करावयास हवी. आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी की, काय झाले हे नीट पाहिले म्हणजे काय घालावे हा प्रश्न पुष्कळदा उरतच नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. "रोज न चुकता पाणी घालतो, तरी रोप मान टाकते," ही तक्रार आमच्याकडे सर्वांत अधिक येते. हिच्यातील 'तरी' हा शब्द काढून तेथे 'म्हणूनच' हा शब्द घातला, तर बहुधा उत्तर मिळते. मुळेही श्वासोच्छ्वास करितात. मातीच्या कणांमध्ये ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात त्यांत हवा खेळत असते, व ती हवा मुळांस लागते. त्या पोकळ्या सदैव पाण्याने भरून राहिल्या तर मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांस पाणी शोषता येत नाही. अशा स्थितीत भोवती पाणीच पाणी असूनही रोप तहानेने सुकते! ते सुकलेले पाहून आपण आणखी एक तांब्या ओतितो, आणि उरलीसुरली मुळेही बुडवितो.

ह्यावर उपाय एक बोट एवढाच आहे. पाणी घालण्यापूर्वी तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावी. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. कोरडे लागले तर कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घालावे. आता कुंडीस भोकच नसेल, किंवा असून बुजलेले असेल, तर कोणतेही खत आणि कोणतेही औषध कामास येणार नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्याने मुळांचे अहित होतेच. शिवाय डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ताटली रिकामी करून घासून कोरडी करणे हे बागेइतकेच घराच्याही आरोग्याचे काम आहे.

ह्याच संबंधात एक हकीकत सांगतो. इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते, "आमच्या घरची तुळस सारखी का वाळते? ही तिसरी." चिठ्ठी देऊन तो जाईना. जवळ बसवून विचारिले तेव्हा कळले की, प्रश्न केवळ तुळशीचा नव्हता. सूनबाईंच्या हाताला यश नाही, त्या पाणी घालतात म्हणून तुळस टिकत नाही, असे घरात बोलले जात होते. सूनबाई म्हणजे त्या मुलाची आई. ती काही बोलत नसे. परंतु मुलगा मोठा झाला होता, त्यास सर्व ऐकू येत होते.

आम्ही त्यास एवढेच विचारिले की, पाणी कोणकोण घालते? तो बोटे मोजू लागला. आजोबा स्नान झाले की एक तांब्या घालीत. आजी पूजेच्या वेळी घालीत. आई दिवा लावण्यापूर्वी घाली. आणि शाळेस निघताना हा स्वतःही नमस्कार करून थोडे घाली. दिवस मार्गशीर्षाचे, थंडीचे. अशा दिवसांत रोपाची वाढ मंदावते व मातीही लवकर वाळत नाही. मग वृंदावनाच्या तळाशी पाणी जाण्यास वाट आहे काय, ते पाहून येण्यास आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी तो आला तो कागदात वाळलेली तुळस मुळांसकट गुंडाळून घेऊनच आला. मुळे काळी व लिबलिबीत झाली होती. चिमटीत धरिली की साल सुटून हातात येई. निरोगी मूळ पांढरे व टणक असते. वृंदावनास भोक होते, परंतु दिवाळीच्या रंगकामात ते बुजून गेले होते.

ती मुळे घरी नेऊन आजींस दाखवावीत, आणि वृंदावनातील मूठभर मातीही दाखवावी, असे आम्ही त्यास सुचविले. अधिक काही बोलू नये, असेही सांगितले. त्या आजींचा जन्म शेतकऱ्याच्या घरचा. मातीचा तो कुजका, आंबूस वास नाकाशी येताच त्यांस पुढचे कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी स्वतः उभे राहून भोक मोकळे करविले, तळाशी खापऱ्या व वाळू घालून नवी माती भरविली, आणि घरातील सर्वांस बजाविले की, ह्यापुढे तुळशीस पाणी एकट्या सूनबाईंनीच घालावे. बाकीच्यांनी नुसता नमस्कार करावा. हे आम्हांस मुलाने सांगितले, आणि सांगताना त्याचा चेहरा जसा फुलला होता तसा तो आम्ही परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट सर्व घरांनी ध्यानात ठेवावी. तुळस ही मुळातच दीर्घायुषी वनस्पती नव्हे. दोन-तीन वर्षांत तिचे खोड जून होते, आणि मंजिऱ्या येऊन बी धरिले की तिची शक्ती ओसरू लागते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडीत गेल्यास ती अधिक दिवस हिरवी राहते. थोड्या मंजिऱ्या पिकू द्याव्यात, त्यांचे बी दुसऱ्या कुंडीत टाकावे व दोन-तीन रोपे तयार ठेवावीत. म्हणजे एक वाळली तरी घर सुने वाटणार नाही, आणि कोणाच्या हाताकडेही कोणी पाहणार नाही. रोप मेले असता 'हे कोणामुळे झाले' असे विचारण्याची आपल्याकडे घाई होते. 'हे कशामुळे झाले' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस दुखावतो. दुसऱ्याने पुढचे रोप जगते.

आता पिवळ्या पानांविषयी. येथे एकच गोष्ट पाहावयाची : पिवळी पडलेली पाने जुनी आहेत की कोवळी? खालची जुनी पाने सर्वत्र पिवळी पडत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर बहुधा नत्राची उणीव आहे. आईबाप जसे आपल्या ताटातले काढून मुलांस वाढितात, तसे रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांस पुरविते. अशा वेळी चांगले कुजलेले खत दिले म्हणजे रोप सावरते. अधूनमधून तळचे एखादेच पान पिवळे पडून गळणे हा मात्र रोग नव्हे; ते त्या पानाचे वार्धक्य होय.

याच्या उलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर लोहाची उणीव समजावी. लोह जुन्या पानांतून काढून नव्या पानांस देणे रोपास साधत नाही, म्हणून उपासमार कोवळ्या पानांची होते. दख्खनच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे विशेष आढळते. मोगरा, जास्वंद व लिंबू ह्यांवर ते चटकन दिसून येते. गंमत अशी की, मातीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे ते मुळांस घेता येत नाही, एवढेच. घरात धान्याची कोठी भरलेली असावी आणि किल्ली हरवावी, तसा हा प्रकार आहे. मातीत कुजलेले खत भरपूर मिसळावे, पाणी साचू देऊ नये, आणि तातडीचा उपाय म्हणून चिलेटेड लोह नावाचे जे द्रव्य कृषिकेंद्रात मिळते ते वेष्टनावरील प्रमाणाने पानांवर फवारावे.

"झाड हिरवेगार आहे, पण फुले येत नाहीत," असे म्हणणाऱ्यांस आम्ही प्रथम ऊन विचारितो. मोगरा व गुलाब ह्यांस रोज सहा तास तरी ऊन हवे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास थोडे दिवस पाणी तोडून त्याची छाटणी करावी, मग खत देऊन पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात ओंजळी भरतील. गुलाबाचे बहुधा रानगुलाबावर डोळा भरून कलम केलेले असते. त्या डोळ्याच्या खालून जोमदार फांदी फुटली तर ती रानगुलाबाची होय. ती वेळीच मुळापासून काढली नाही तर घरधन्यास बाहेर घालवून पाहुणाच घर बळकावितो. बी लावून वाढविलेल्या लिंबास मात्र फळाविषयी लवकर विचारू नये. त्यास कित्येक वर्षे लागतात, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील मुलांनी मांडवावर दोडका चढविला होता. फुले पुष्कळ येत. बोटभर दोडका दिसे, आणि पिवळा पडून गळून जाई. मुलांस वाटले की कीड लागली. परंतु दोडक्यास, दुधीस, भोपळ्यास व कारल्यास नरफुले आणि मादीफुले निरनिराळी येतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ आधीपासूनच असते, नरफुलाच्या मागे नुसता देठ. नरफुलाचा पराग मादीफुलास पोहोचला नाही तर ते इवले फळ वाढत नाही, गळून पडते. पहिल्या काही दिवसांत तर बहुधा नरफुलेच येतात. त्यातून दोडक्याचे व दुधीचे फूल उमलते सायंकाळी, भोपळ्याचे सकाळी. मुले दोडक्याकडे पाहत ती सकाळी. तोवर फुले मिटलेली असत. मग त्यांनी दिवेलागणीच्या सुमारास चित्रकलेच्या वर्गातील मऊ कुंचला घेऊन नरफुलाचा पराग मादीफुलास लाविण्यास आरंभ केला. पुढे भोजनगृहात दोडक्याची भाजी इतक्या वेळा झाली की, तीच मुले आमच्यावर रुसली.

कीटकांविषयी विचारणारे बहुधा रागात असतात. जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, ते पिठ्या ढेकूण होत. हे रस शोषितात व मागे मधासारखा चिकट द्रव सोडितात. त्या द्रवावर काळी बुरशी चढते, आणि त्याच्याच लोभाने मुंग्या येतात. गोपाळाने गाई राखाव्यात तशा त्या ह्या ढेकणांस राखितात, त्यांच्या शत्रूंस हाकून लावितात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांची पाठ व फांद्यांचे सांधे तपासून पाहावेत. आरंभी साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने पुंजके पुसून काढिले तरी पुरते. प्रादुर्भाव अधिक असल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबणद्रव नीट मिसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवरही फवारावे. प्रथम एका फांदीवर फवारून पान करपत नाही ना हे पाहावे, आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारावे.

परंतु सर्वच खाणारे शत्रू नव्हेत. पाचवीतील एका विद्यार्थिनीने डबीत एक अळी आणून विचारिले, "हिला मारू का? हिने आमचा कढीपत्ता खाल्ला." लिंबू व कढीपत्ता एकाच कुळातील आहेत, आणि त्यांवर मोठ्या फुलपाखरांच्या काही जाती अंडी घालितात. लहानपणी ह्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे कोणी त्यांच्या वाटेस जात नाही. पुढे त्या हिरव्यागार होतात, व डिवचल्यास डोक्यामागून दुभागलेले नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडितात. महाराष्ट्र शासनाने सन २०१५ मध्ये 'ब्ल्यू मॉरमॉन' ह्या निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतात. आम्ही त्या मुलीस सांगितले की, तुझे रोप लहान आहे, त्याच्यावरून अळी काढणे योग्यच. पण मारू नकोस. बागेतील मोठ्या कढीपत्त्यावर सोड. तेव्हापासून ते झाड आम्ही अळ्यांच्या नावे लिहून दिले आहे. त्याची अर्धी पाने जातात, आणि पावसाळा संपल्यावर ती पुन्हा येतात.

"सौम्य उपाय नको, चांगले जालीम औषध सांगा," असा हट्ट काही पालक धरितात. त्यांस आम्ही यवतमाळची आठवण देतो. सन २०१७ मध्ये त्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्यांच्यापाशी निदान संपूर्ण पीक वाचविण्याचे कारण होते. दोन कुंड्यांतील जास्वंदीसाठी, जेथे तान्हे मूल रांगते व जेथील कढीपत्ता फोडणीत पडतो अशा सज्जात, तसले विष आणण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही.

खताविषयी लोक दुकानाचा पत्ता विचारितात. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराचा सांगतो. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी सन १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथे काडीकचरा, पालापाचोळा व शेण ह्यांपासून उत्तम खत करण्याची पद्धती सिद्ध केली. सन १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या त्याविषयीच्या इंग्रजी पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. घरी तेच तत्त्व लहान प्रमाणात चालते. भोके पाडलेल्या पिंपात भाजीच्या सालींचा एक थर, त्यावर वाळलेल्या पानांचा जाड थर, असे रचीत जावे. पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी व आठवड्यातून एकदा वरखाली करावे. दोन-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाची माती हाती येते. ताजे शेण किंवा कच्चा कचरा मुळांशी घालू नये. त्याने मुळे पोळतात.

ज्यांस प्रश्न विचारावयाचा असेल त्यांनी चार गोष्टी लिहून आणाव्यात. रोपास किती तास ऊन मिळते? बोट घातले असता माती ओली लागते की कोरडी? बिघाड जुन्या पानांवर आहे की कोवळ्या? आणि तो दिसण्यापूर्वीच्या महिन्यात काय बदलले : जागा, कुंडी, माती की पाणी घालणारा हात? ही चार उत्तरे लिहिता लिहिता पुष्कळ विद्यार्थी मध्येच थांबतात आणि "कळले, गुरुजी," म्हणून चिठ्ठी परत घेऊन जातात. आमच्या उत्तरांपेक्षा त्या परत नेलेल्या चिठ्ठ्यांचाच आम्हांस अधिक आनंद होतो.

काही प्रश्नांस मात्र असे उत्तर नसते. टोमॅटोची पाने आखडून, गुंडाळून येतात व झाड खुरटते, तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुरोग बहुधा असतो. रोप एकदा त्याने ग्रासले की त्यास औषध नाही. ते उपटून दूर करणे, म्हणजे शेजारची रोपे वाचतील, हेच शहाणपण. मुलांस हे फार जड जाते. अशा वेळी आम्ही त्यांस विल्यम कॅरी ह्यांची गोष्ट सांगतो. मराठी भाषेचे व्याकरण सन १८०५ मध्ये छापणारे हे गृहस्थ मोठे बागवानही होते. सन १८२० मध्ये त्यांनी कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापिली. बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी हौसेने जमविलेली बाग सन १८२३ च्या महापुरात उद्ध्वस्त झाली. त्या वेळी त्यांचे वय बासष्टीच्या घरात होते. तरीही त्यांनी ती पुन्हा लाविली. सह्याद्रीत आढळणाऱ्या कुंभा नावाच्या वृक्षाच्या शास्त्रीय नावात आज त्यांचे नाव राहिले आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, रोप गेले म्हणून कुंडी माळ्यावर टाकू नका. माती उन्हात वाळवा, तळाचे भोक मोकळे करा, मूठभर खत मिसळा, आणि ह्या खेपेस दुसऱ्या कुळातील काही लावा. मेथी टाकलीत तर चार-पाच दिवसांत कोंब वर येतील. पाणी घालण्यापूर्वी मात्र बोट घालून पाहा.